एक पडली, सगळे उपाशी

रामकुंडावरच्या कावळ्यांना भूक अशी नसतेच. सकाळपासून इतके पिंड त्यांच्यापुढे मांडले जातात की ते लग्नातल्या व्याह्यांसारखे नुसती मान तिरकी करून बघतात आणि मग भलत्याच कुणाच्या पानावर जाऊन बसतात. भिमाबाई थेटे यांच्या दहाव्याला तेच चाललं होतं. पिंड मांडून बराच वेळ झाला होता, गुरुजींचं दोनदा घड्याळ बघून झालं होतं, समोरच्या कठड्यावर दोन-तीन कावळे बसले होते आणि एकही खाली उतरायला तयार नव्हता.

त्यामुळे जमलेल्या पाहुण्यांना बोलायला भरपूर वेळ मिळाला. ते जे बोलत होते ते ऐकून आशाला मळमळायला लागलं होतं.

आशा ही भिमाबाईंची थोरली लेक, सिन्नरला दिलेली. बायकांच्या घोळक्यात पायरीवर बसली होती. मागे पिंपळगावचे मामा कुणाला तरी सांगत होते, "थेट्यांच्या घरासारखी एकी नाय बघितली मी कुठं. पोरगी स्केटिंगला पडली तर आख्खं घर जेवत नाय. म्हातारीसुद्धा. हाय का कुठं असं?"

"दिनेशभाऊंनी टाकलं होतं ना इन्स्टाग्रामला," एक बाई म्हणाली. "वाचून डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

आशाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिला शिसारी आली होती.

दिनेश तिचा धाकटा भाऊ. सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. बायको सविता, मुली दोन: गोदा चौदा वर्षांची आणि रेवा नऊ वर्षांची. दोन्ही मुलींना नद्यांची नावं दिली याचं दिनेशला भारी कौतुक. दोघी स्केटिंग करायच्या. शर्यतीचं नव्हे. टीव्हीवर बर्फावर गाण्याच्या तालात गिरक्या घेतात, उड्या मारतात, ते. नाशकात बर्फ कुठून आणायचा? म्हणून तेच सगळं चार चाकांच्या बुटांवर, गुळगुळीत फरशीच्या रिंकवर.

त्या घराने स्केटिंगसाठी काय केलं नाही ते विचारा. हॉलमधला दिवाण काढून टाकला, कारण मुलींना घरी गिरक्यांचा सराव करायला जागा हवी. पाहुण्यांनी खाली सतरंजीवर बसायचं. टीव्हीवर बातम्या नाहीत, मालिका नाहीत. दिवसभराच्या सरावाचं मोबाइलवरचं शूटिंग मोठ्या पडद्यावर लावून सगळ्यांनी मिळून बघायचं. सविता जेवणं आटोपली की चमकीच्या कपड्यांवर खडे शिवत बसायची. भिमाबाई रोज पहाटे नातींबरोबर रिंकवर जायच्या आणि कानाला स्कार्फ बांधून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहायच्या. त्यांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. नात उभी राहिली की त्या टाळ्या वाजवायच्या, नात पडली की "अगं बाई" म्हणायच्या.

खोटं कशाला सांगा, आशालाही आधी कौतुकच वाटायचं. सिन्नरला शेजारणीला ती फोटो दाखवायची. गोदा एका पायावर, दुसरा पाय मागे ताठ, हात पसरलेले. "माझी भाची," म्हणायची.

मग ते एकादशीचं प्रकरण सुरू झालं.

सुरुवात खरी होती, हे मान्य करायला हवं. एका स्पर्धेत गोदा धडाधड पडली. घरी आल्यावर सविताला खरोखरच जेवण गेलं नाही, ती ताटावरून उठली. ते बघून गोदा इतकी रडली आणि दुसऱ्या दिवशी रिंकवर इतकी जीव तोडून खेळली की सरांनीही विचारलं, आज काय झालंय हिला? दिनेशने ते हेरलं. मशीनवाला माणूस तो. कुठलं बटण दाबलं की काय होतं हे त्याच्या लगेच लक्षात येतं.

तेव्हापासून घराचा नियमच झाला. गोदा सरावात उडीवर पडली की त्या संध्याकाळी घरात कुणी जेवायचं नाही. त्याला नाव एकादशी. दिनेश दारातून आत येऊन शांतपणे सांगायचा, "आज आपली एकादशी." ओरडायचा नाही, मारायचा नाही. त्याचा त्याला अभिमान होता. "आम्ही मुलींवर कधी बोटसुद्धा उचललं नाही," असं तो चारचौघांत सांगायचा. सविता रिकामी ताटं वाटोळी मांडून फोटो काढायची आणि इन्स्टाग्रामला टाकायची. खाली लिहायची: 'एक पडली, सगळे उपाशी. हीच आमची ताकद.' त्यावर लोक हात जोडल्याची आणि लाल बदामाची चित्रं पाठवायचे.

आता गंमत अशी की हा खेळ पडल्याशिवाय येतच नाही. सर बिचारे सांगून थकले. नवी उडी शिकताना मूल शंभरदा पडणार, मगच एकदा उभं राहणार. पण सरांचं ऐकतो कोण? थेट्यांच्या घरात पडणं म्हणजे पाप ठरलं होतं, आणि गोदा नवी उडी शिकत होती. महिन्यातून एकादशी दोन असतात. थेट्यांकडे आठवड्याला दोन व्हायला लागल्या.

मे महिन्यात आशा राहायला गेली, तेव्हा तिला हे पहिल्यांदा आतून दिसलं.

संध्याकाळची वेळ होती. सिन्नरहून बसने आली, बस बदलून सातपूरला उतरली. नाक्यावर मिसळीच्या गाडीपाशी दिनेशची मोटरसायकल उभी दिसली. आपल्याला घ्यायला थांबला वाटतं, म्हणून ती पुढे झाली, तर हा पाठमोरा उभा राहून मिसळ ओरपत होता. पावाची दुसरी जोडी मागवत होता. भावाला भूक लागली असेल, दिवसभर उभा असतो मशीनवर, खाऊ दे निवांत, असं मनाशी म्हणून तिने रिक्षा केली.

ती घरी पोचली, हातपाय धुतले, तोवर तो आला. दारातच थांबला. हेल्मेट काढलं, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "आज आपली एकादशी."

गोदा सतरंजीवर बसली होती. गुडघा सोललेला, त्यावर हळद. ती अंग चोरून आणखी लहान झाली. दिनेश तिच्यासमोर मांडी घालून बसला, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि हळुवार आवाजात म्हणाला, "तुझी चूक नाही बेटा. आपण सगळे तुझ्याबरोबर आहोत. तू उपाशी, तर पप्पापण उपाशी."

आणि त्याच्या मिशीत शेव अडकलेली होती. पिवळी, बारीक, तर्रीने तांबूस झालेली एक शेव. तो बोलेल तशी ती वरखाली हलत होती.

आशाने आयुष्यात खूप घाण बघितली होती. सासऱ्यांचं आजारपण काढलं होतं, गटार तुंबून घरात आलेलं स्वतः उपसलं होतं. पण त्या शेवेची आली तशी किळस तिला कशाचीच आली नव्हती. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तिथे कपडे धुण्याच्या मशीनमागे केळ्यांची फणी ठेवलेली होती, वर ओला टॉवेल टाकलेला. दोन केळी नुकतीच खाल्लेली, सालं पिशवीत बांधलेली. म्हणजे वहिनीबाईंचीही सोय होती.

ती दिनेशला गॅलरीत घेऊन गेली. "मी तुला नाक्यावर बघितलं," म्हणाली.

तो जरासुद्धा शरमला नाही. "ताई, मला ॲसिडिटी आहे. सकाळी परत कामावर उभं राहायचं असतं. सविताला तर चक्करच येते."

"मग पोरीला कशाला सांगतोस तू उपाशी म्हणून?"

"तुला मुद्दाच कळला नाही." तो शाळेतल्या मास्तरासारखा समजावून सांगायला लागला. "मी जेवलो की नाही, हा मुद्दाच नाही. गोदाला काय वाटतं, हा मुद्दा आहे. आपल्यामुळे घर उपाशी राहतं असं वाटलं तर ती पडत नाही. आणि तू तिला काही बोलू नकोस हं. पोरीचा आईबापावरचा विश्वास जाईल. ते पाप तुझ्या माथी येईल."

बघा, पापसुद्धा आशाच्याच माथी. ती आत आली, तर भिमाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. शुगरची गोळी पाण्याबरोबर घेतली होती आणि हात मांडीवर ठेवून त्या स्वस्थ बसल्या होत्या.

"आई, तू तरी जेव. गोळी घेऊन उपाशी राहायचं नसतं. डॉक्टरांनी बजावलंय ना तुला?"

"पोर उपाशी हाय आन मी खाऊ?" भिमाबाई म्हणाल्या. "नाय उतरायचं माझ्या घशाखाली."

"अगं, बाकीचे खातात चोरून. मी डोळ्यांनी बघितलं."

"माझ्या लेकावर आळ घेऊ नको, आशे." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या घरात उपास धरायचा म्हणजे धरायचा एवढंच कळणारं ते एकटं माणूस होतं.

आशा दुसऱ्या दिवशीच सिन्नरला परत गेली. नवऱ्याला, गोरक्षला, तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांच्या घरचा मामला आहे." दर आठवड्याला ती आईला फोन करायची. दर वेळी विचारायची, जेवलीस का? भिमाबाई हो म्हणायच्या. त्यांना खोटं बोलता यायचं नाही, त्यामुळे फोनवरसुद्धा कळायचं.

आणि दहा दिवसांपूर्वी, राज्य स्पर्धेच्या तोंडावर, गोदा सरावात पडली. दिनेशने एकादशी जाहीर केली. भिमाबाईंनी गोळी घेतली आणि तशाच झोपल्या. सकाळी रिंकवर जायला उठल्याच नाहीत. शुगर एकदम खाली गेली, असं डॉक्टर म्हणाले.

दिनेशने त्याच दुपारी आईचा स्कार्फमधला फोटो टाकला. 'नातीसाठी शेवटच्या श्वासापर्यंत साथ.' लोकांनी परत हात जोडले. गोदा आजीच्या पलंगापाशी बसली होती, आणि येणारीजाणारी बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणत होती, "तुझ्यासाठी गेली बाई ती." सविता तर तिला जवळ घेऊन म्हणाली, "आता पडू नकोस हं राणी. आजीचं वाया जायला नको." आशाने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. तेव्हापासून दहा दिवस ती पोरगी कुणाशी बोलली नव्हती. ताटात दिलेलं चिवडून ठेवायची. मनगटं इतकी बारीक झाली होती की बांगडी कोपरापर्यंत जायची.

घाटावर आता लोक उपाय सुचवायला लागले होते. मामा म्हणाले, चहा ठेवा, म्हातारीला चहा लागायचा. चहा ठेवला. कुणी म्हणालं, मिसरी. मिसरीची डबी ठेवली. एक कावळा उडून पलीकडच्या पिंडावर गेला आणि तिथली जिलबी घेऊन गेला.

"दर्भाचा कावळा करून शिववू या," गुरुजी म्हणाले. "रांग आहे मागे."

"थांबा गुरुजी." दिनेश पुढे झाला. डोकं, मिशी सगळं भादरलेलं, अंगावर ओलं धोतर. "आईचा जीव कशात अडकलाय ते मला माहितीये." त्याने पिंडापुढे हात जोडले, आणि जरा मोठ्यानेच म्हणाला, कारण मागे एक चुलत पुतण्या मोबाइलवर शूटिंग घेत होता. "आई, गोदा नॅशनलला जाणार. तू निश्चिंत जा."

कावळे हलले नाहीत.

"गोदा, इकडे ये. तू शब्द दे आजीला."

गोदा उठली. सवयीने केसांचा घट्ट अंबाडा घातलेला, स्पर्धेला घालतात तसा. ती पिंडासमोर जाऊन उभी राहिली.

"म्हण, आजी, तुझा उपास मी वाया जाऊ देणार नाही. मी परत कधी पडणार नाही."

"कधीच?" गोदाने विचारलं. दहा दिवसांतला तिचा तो पहिला शब्द होता.

"कधीच नाही. म्हण. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायचा नसतो, लक्षात ठेव."

बायका डोळे पुसायला लागल्या. गोदाचे ओठ हलले. तिने एकदा खालच्या फरशीकडे बघितलं, जणू आत्ताच तिथे पाय घसरणार आहे, आणि हात जोडले.

आशाला पुढचं बघवेना. आता ही पोर एकदा का बोलली, की जन्मभर बांधली गेली. पुढे जेव्हा जेव्हा पाय घसरेल तेव्हा तेव्हा ती आजीला नव्याने मारेल. आशा बायकांना बाजूला सारून खाली उतरली आणि गोदाच्या शेजारी उभी राहिली.

"दिनेश, शब्द मागून. आधी तू सांग आईला, त्या संध्याकाळी तू काय खाल्लंस?"

"ताई, ही काय वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे. आई समोर आहे. पिंडावर हात ठेव आणि म्हण, आई, मीपण तुझ्याबरोबर उपाशी होतो. बघ, लगेच कावळा शिवेल."

"आशा, काय बोलतीस तू हे?" मामा ओरडले. गोरक्षने मागून तिचा दंड धरला. तिने तो झटकला.

"काही वावगं बोलले का मी? सगळे म्हणताय ना, आख्खं घर उपाशी असतं? मग ठेव म्हणावं हात."

दिनेश पिंडाकडे बघत राहिला. हाडामांसाच्या पोरीशी खोटं बोलायला त्याला कधी काही वाटलं नव्हतं. भाताच्या गोळ्यापुढे मात्र त्याची छाती होईना. त्याने ओल्या धोतराला हात पुसले, एक हात पुढे केला, आणि परत मागे घेतला.

"सविता, मग तू ठेव," आशा म्हणाली.

"ताई, तुम्हाला काय माहीत आमची मेहनत!" सविता रडवेली झाली. पण बोलता बोलता तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. ते सगळ्यांनी बघितलं.

गोदाने बघितलं. तिने बापाकडे मान वर केली.

"पप्पा, ठेवा ना हात."

दिनेशने धोतराचा सोगा पिळायला घेतला.

"ठेवा ना. नुसता लावा. मम्मी, तू तरी लाव."

घाटावर पलीकडचे मंत्र ऐकू येत होते, भांडी घासल्याचा आवाज येत होता. पुतण्याने मोबाइल खिशात घातला. गोदाने आईकडे बघितलं, बापाकडे, परत आईकडे. मग पिंडाकडे वळली.

"म्हणजे आजी एकटीच," ती म्हणाली. जोडलेले हात तिने सोडले. "आत्या, मला भूक लागलीये."

"गोदा!" सविता दबक्या आवाजात म्हणाली. "कावळा शिवला नाही अजून. कुणी पाणीसुद्धा घेतलेलं नाही. लोक काय म्हणतील?"

"मला भूक लागलीये," गोदा परत म्हणाली, आता सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मला खूप भूक लागलीये."

"मलापण," रेवा मागून म्हणाली.

आशाने एका हाताने एकीला धरलं, दुसऱ्या हाताने दुसरीला, आणि पायऱ्या चढायला लागली. मागे मामा काहीतरी बोलत होते, दिनेश "ताई, ताई" करत होता, गुरुजी दर्भ मागत होते. तिने वळून बघितलं नाही. वळून बघितलं असतं तर ती थुंकली असती, आणि तिथे आईचा पिंड होता.

पंचवटीत भाजीबाजाराच्या तोंडाशी एक पुरीभाजीचं दुकान आहे. तिथल्या बाकड्यावर तिघी बसल्या. सुतकातल्या बायका दहाव्याच्या दिवशी बाहेर खातात म्हणून कुणी बघत असेल तर बघो. मालकाने तीन ताटल्या आणून ठेवल्या. पुऱ्या फुगलेल्या होत्या, भाजीवर वाफ होती.

रेवाने हात घातला आणि थांबली, कारण गोदाने हात घातला नव्हता. गोदा ताटलीकडे बघत होती.

"आत्या, मी जेवले तर आता उपाशी कोण राहणार?"

चौदा वर्षांची मुलगी अन्नासमोर बसून हे विचारत होती, आणि अगदी साधेपणाने विचारत होती, आज कुणाची पाळी म्हणून विचारावं तसं.

"कुणीच नाही गं. तूपण जेव, मीपण जेवते, रेवापण जेवेल."

"तुम्ही खरंच जेवणार?"

"खरंच."

"मग आधी तुम्ही."

आशाला घास बघूनच नको वाटत होतं. तरी तिने पुरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडात घातला. गोदा तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग गळ्याकडे. घास खाली उतरलेला तिने नीट बघितला. मग रेवाचाही बघितला. तेव्हा कुठे तिने आपली पुरी मोडली.